सहावी खुर्ची

हे खरं घडलेलं आहे. पटलं नाही तरी चालेल. डारियालाही पटलं नव्हतं.

डारिया माझी मावसबहीण. इथे कॅनडात, सॅस्कॅचेवानमधल्या एका विद्यापीठात मानसशास्त्र शिकत होती. हिवाळी सत्र, जानेवारीतली वादळी दुपार. पारा उणे तीसवर गेला तरी आमच्याकडे तास बुडत नाहीत.

प्रयोगाचा विषय तिचा आधीच्या सत्रात राहिला होता. या वेळी फसला, तर विभागातून बाहेर.

प्रयोग साधा. सहा खुर्च्या. पाच जण आपलेच, पढवलेले. पडद्यावरची कुठली रेघ लांब, असं विचारलं की ते मुद्दाम चुकीचं सांगतात. सहाव्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. तो स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो की पाच जणांवर, ते काचेआडून बघायचं.

आणि एक नियम. निघण्यापूर्वी त्याला खरं काय ते सांगायचंच.

त्या दिवशी सहावा आलाच नाही.

"तुझं सावज बर्फात गाडलं गेलं वाटतं," पाचांतला ब्रॉक माइकवर म्हणाला. "बाईसाहेब, आम्ही निघू?"

"गप बस जरा. येईल."

काचेआडच्या अंधारात डारिया वाट बघत राहिली.

एकाएकी पाचही जण सावरून बसले.

"डावी," ब्रॉक म्हणाला. पडद्यावर उजवी लांब होती.

"डावी." "डावी." "डावी." "डावी."

मग... शांतता.

आणखी कुणीतरी उत्तर देईल, तेवढ्याच वेळाची.

पाचही माना रिकाम्या खुर्चीकडे वळल्या होत्या. शेवटी बसलेल्या टेनिलचं हसू मावळलं.

बघू किती वेळ सोंग करतात, म्हणून डारियाने चिडून पुढच्या रेघा लावल्या. पुन्हा तसंच. पुन्हा तीच शांतता.

तिसऱ्या वेळी ब्रॉकचा आवाज चिरकला.

"उजवी."

मग सगळेच. "उजवी." बरोबर उत्तर. जे त्यांनी द्यायचं नव्हतं.

डारिया तणतणत आत गेली. "माझ्या डिग्रीची थट्टा चाललीय का?"

"हळू बोल," टेनिल पुटपुटली. "आधी त्याला खरं सांग."

"कुणाला?"

"हिरव्या कोटातल्या या मुलाला. पार भिजलाय तो."

"खुर्ची रिकामी आहे."

"नाही, डारिया," ब्रॉक म्हणाला. बाकीच्यांनीही माना हलवल्या.

पाच जण, एकच खोटं. तिला हा डाव पाठ होता.

"माझाच प्रयोग माझ्यावर? रिकाम्या खुर्चीला मी काही सांगणार नाही."

तिने दिवे मालवले. पाचही जण निघून गेले. ब्रॉकची कॉफी तशीच राहिली.

आणि सहाव्या खुर्चीखाली... वितळलेल्या बर्फाचं थारोळं.

प्रयोग फसला. विभाग सुटला. आठवड्याने तिने टेनिलला फोन केला. "आता तरी सांग, खोटं होतं ना?"

"तू त्याला सांगितलंस?" टेनिलने विचारलं, आणि फोन ठेवला.

परवा मी डारियाकडे गेले होते. तिच्या स्वयंपाकघरात आता एकच खुर्ची आहे. रिकामी. डारिया ओट्याला टेकून उभी होती.

मी बसायला गेले, तर तिने माझा दंड धरला.

खुर्चीखालची फरशी... ओली होती.

तो तिच्यावरचा प्रयोगच असेल, असं मी तिला अजूनही म्हणते. पण मग नियमाप्रमाणे कुणीतरी येऊन तिला खरं सांगायला हवं होतं.

अजून कुणी आलेलं नाही.