पहिल्या ओळीतला गोवर्धन

डिसेंबर २००९. सकाळचे दहा वाजले तरी कोहमाऱ्याच्या चौकातले धुके उठले नव्हते. रायपूरकडे जाणारे ट्रक त्यातून हळूहळू आकार घेत आणि तितक्याच हळूहळू विरून जात. रस्त्याला ते आठवत आणि मग तो त्यांना विसरून जाई, असे कोणाला वाटले असते.

रामकली टेंभरे यांना तसे वाटत नसे. धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे थेंब, एवढेच त्यांचे मत होते. नागपूरच्या सरकारी प्रयोगशाळेत सव्वीस वर्षे त्यांनी वादग्रस्त कागद तपासले होते. निवृत्तीनंतर त्या एका ढाब्यामागच्या दोन खोल्यांतून खासगी तपास करीत. दुलीचंद हा एसटीचा निवृत्त कंडक्टर त्यांच्या सोबतीला असे. निष्कर्षाच्या बाबतीत तो सावकाश होता. बसच्या वेळांच्या बाबतीत मात्र अचूक.

त्या सकाळी दारात एक बाई उभी राहिली. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात कागदांची फाइल.

"बाई, माह्या माणसाचं नाव चोरीले गेलं," ती म्हणाली.

दुलीचंद हसला. "नाव कायले चोरल कोणी? कोंबडी गेली असल, पाहा."

"कोंबडी गेली असती तर पोलीस पाटलाकडे गेली असती," ती म्हणाली आणि रामकलीबाईंसमोर बसली.

तिचे नाव रुख्मा बहेकार, गाव नवेगाव बांध. तिचा नवरा गोवर्धन दोन वर्षांपूर्वी तापाने गेला. त्यापूर्वी, २००५ साली, त्याने मित्र देवानंद शिवणकर याच्यासह 'पाणपाळी' नावाचा संगणक प्रोग्राम लिहिला होता. शेतकऱ्याने आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, किती पायल्या बियाणे लागते ते सांगायचे. तलावाचे पाणी त्याला कोणत्या दिवशी, किती तास, ते प्रोग्राम सांगणार. साठ गावांत त्याचा कागद तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चिकटवला जाई आणि पाण्यावरून काठ्या निघत नसत.

"प्रोग्राम फुकट होता?" रामकलीबाईंनी विचारले.

"फुकट अन् उघडा. कोणीबी घ्यावा, बदलावा, वाटावा. एकच अट. वरची ओळ काढायची नाई."

तिने एक कागद पुढे केला. पाण्याचा हिशेब करणाऱ्या मुख्य फाइलचे ते पहिले पान होते. वर मथळा होता: 'कॉपीराइट २००५–२००७, गोवर्धन बहेकार'. दुसरा कागद गेल्या नोव्हेंबरातला होता. त्यावर होते: 'कॉपीराइट २००५–२००९, भूमेश्वरी पटले'. खाली टीप होती: 'ही फाइल पूर्णपणे नव्याने लिहिली आहे. जुनी एकही ओळ उरलेली नाही. म्हणून जुने नाव काढले.'

"रायपूरची एक कंपनी हा प्रोग्राम विकत घेऊन कुलपात टाकाले पाहून राहिली, मंग फुकट नाई अन् उघडाबी नाई," रुख्मा म्हणाली. "ज्याईचं ज्याईचं नाव, त्याईची सही लागते. मी नाई म्हटलं. महिन्याभरात नावच गेलं. शनिवारी कंपनीचा माणूस येणार हाय."

"म्हणजे नाव नसेल तर तुम्हाला विचारण्याची गरज नाही."

"हाव. मंग पुढच्या साली पाळीवर कागद लावाचा का नाई, ते रायपूरवाले ठरवतील."

निघताना तिने पिशवीतून नवे तांदूळ काढले. "एक पायली आणले, बाई. घरचे हाय."

दुलीचंदने आपली पायली आणून ते मापले. पायली दोन बोटे रिकामी राहिली.

"पायली म्हणे! माप मारते का वो?"

"माप नाई मारत, भाऊ. आमच्या पायलीचं बूड सडलं होतं. सासऱ्यानं सागाची जाड फळी ठोकली. तवापासून उथळ हाय. घरच्या घरात कोण पाहते?"

रामकलीबाईंनी दोन्ही कागद खिडकीशी धरले. 'एक पायली = १.६८ किलो धान' ही ओळ जुन्यातही होती, नव्यातही. त्यांचे बोट मात्र मथळ्यातल्या वर्षांवर थांबले होते.

*

देवानंद शिवणकर याचा संगणक वर्ग नवेगावच्या तलावाजवळ होता. खिडकीतून पाणी दिसत होते आणि पाण्यावर दूरदेशाहून आलेली बदके, हललीच तर एखाद्या विचारासारखी. बाकावर बसताच दुलीचंदला डुलकी लागली.

देवानंद चाळिशीचा, थकलेला माणूस होता. सगळ्यांचे बदल त्याच्याकडे येत आणि तो ते मूळ संग्रहात घालत असे.

"हा बदल भूमेश्वरीच्या नावाने आला, मी घातला," तो म्हणाला. "वाचला नाही. चूक झाली."

"नाव तिचे, म्हणजे पाठवणारी तीच?"

"नाही हो, मॅडम. संगणक नाव विचारतो, ओळखपत्र मागत नाही. कोणीही काहीही लिहावं."

"मथळ्यात दोन वर्षे का असतात?"

"पहिलं फाइल जन्मली त्या सालाचं, दुसरं शेवटच्या बदलाचं. गोवर्धननेच ही रीत घातली."

"तुम्हाला प्रोग्राम विकायचा आहे?"

त्याने पाण्याकडे पाहिले. "साठ गावांचे फोन मी एकटा घेतो. कंपनीने सांभाळलं तर मला झोप मिळेल. पण गोवर्धनला पुसून नाही."

उठता उठता रामकलीबाईंनी विचारले, "एका पायलीत किती किलो धान मावते?"

"कोणाच्या घरची पायली?" देवानंद लगेच म्हणाला. "म्हणून तर प्रत्येक गावाला आपला आकडा भरायला एक रकाना दिलाय. रकाना रिकामा राहिला तरच गोवर्धनच्या फाइलमधला आकडा चालतो. तो पडद्यावर कुठे दिसतही नाही."

*

देवरीच्या महाविद्यालयात भूमेश्वरी पटले संगणक शिकवीत असे; 'पाणपाळी'चा काही भाग तिनेही लिहिला होता. व्हरांड्याबाहेर सालवनावर दुपार इतकी स्थिर होती की घंटा वाजली तेव्हा ती दुसऱ्याच एखाद्या शाळेची वाटली.

"मी लिहिलं नाही!" भूमेश्वरी कडाडली. "दुसऱ्याचं नाव पुसायला माझं नाव वापरलं. चोरी करायची अन् आळ माझ्यावर घालायचा!"

"तुम्ही विक्रीच्या बाजूने होता की विरुद्ध?"

"विरुद्ध. देवानंदभाऊंनी विचारलं तेव्हाच सांगितलं. प्रोग्रामचा पडदा करणाऱ्या गोंदियाच्या टिकेशलाही सांगितलं, तो तर हसला. म्हणाला, दीदी, एक दिन तुम भी मानोगी."

"एका पायलीत किती किलो धान मावते?"

भूमेश्वरी थबकली. "कुठली पायली? माझ्या आईची एक, काकाची दुसरी. आमच्या घरात लग्नाच्या तांदळावरून दोन दिवस भांडण झालं होतं, मॅडम."

बसमध्ये दुलीचंद म्हणाला, "बाई, सगळ्याईले पायली काऊन विचारून राहिल्या? तांदूळ कमी भेटले म्हणून का?"

"तुम्हाला कोणी विचारले असते, तर काय म्हणाला असता?"

"म्हटलं असतं, आणा तुमची पायली, मापून दाखवतो."

"बरोबर," त्या म्हणाल्या आणि देवरीचे जंगल मागे जाताना पाहत राहिल्या. दुलीचंदला आपण काय बरोबर बोललो ते गोंदियापर्यंत उमगले नाही.

*

टिकेश रहांगडाले याचे गोंदियाच्या बाजारात संगणक दुरुस्तीचे दुकान होते. चोवीस वर्षांचा, हसतमुख, शहरातच वाढलेला. 'पाणपाळी'त तो गेल्या वर्षी आला आणि तिचा पडदा त्याने सजवला. ते काम देखणे होते, हे कोणीही मान्य केले असते.

"मॅडम, मी फक्त बटनं, रंग अन् हिंदी अनुवाद," तो म्हणाला. "गोवर्धन भैया की फाइल मैंने खोली भी नहीं. गणित आपल्या बस की बात नहीं."

"कंपनीने तुम्हाला काही देऊ केले आहे?"

"रायपूरला नोकरी. इसी प्रोग्राम का काम. पण सगळ्यांच्या सह्या झाल्या तरच. छुपाया नहीं मैंने, सबको बताया है."

"शेवटचे एक. एका पायलीत किती किलो धान मावते?"

"एक पॉइंट सहा आठ," टिकेश म्हणाला. "कहीं भी पूछ लो, मॅडम. स्टँडर्ड है."

रामकलीबाईंनी आभार मानले आणि शनिवारी दुपारी नवेगावला यायला सांगितले.

*

शनिवारी देवानंदच्या वर्गात सगळे जमले. कंपनीचा माणूस चार वाजता येणार होता. तीन वाजले होते. तलावावर उन्हाचा पातळ पडदा होता आणि पलीकडचा डोंगर नुसता अंदाजाने दिसत होता. टेबलावर रामकलीबाईंच्या सांगण्यावरून रुख्माने आणलेली घरची पायली होती, धानाची पिशवी होती आणि मासळीवाल्याकडून मागून आणलेला काटा.

"दोन प्रश्न आहेत," रामकलीबाई म्हणाल्या. "फाइल खरेच नव्याने लिहिली का? आणि हे कोणी केले?

"पहिला प्रश्न. फाइल गेल्या नोव्हेंबरात नव्याने लिहिली, असे टीप सांगते. तुमच्या रीतीप्रमाणे मथळ्यात फक्त २००९ हवे. तिथे २००५ आहे. म्हणजे कोणीतरी जुनीच फाइल उघडली, नाव बदलले, शेवटचे वर्ष बदलले आणि पहिले तसेच राहू दिले."

"सवयीने राहिलं असेल," टिकेश म्हणाला.

"असेल. म्हणून मी त्यावर थांबले नाही. रुख्माबाई, पायली भरा."

रुख्माने पायली धानाने भरली, वरून हात फिरवून सपाट केली. दुलीचंदने ती काट्याला लावली. रिकाम्या पायलीचे वजन त्याने आधीच घेऊन ठेवले होते. त्याने दोनदा वजाबाकी केली.

"एक किलो सहाशे ऐंशी," तो म्हणाला आणि त्याचे तोंड उघडेच राहिले. "बाप्पा! हे तर त्या कागदावरचं."

"ही संख्या कोणत्याही सरकारी तक्त्यात नाही. ती या एका लाकडी भांड्यात आहे, कारण याचे बूड सडले आणि फळी जाड बसली. गोवर्धनने आपल्या घरचे माप नमुन्यादाखल लिहिले. नव्याने लिहिणाऱ्याला हा आकडा गोवर्धनच्या फाइलखेरीज कुठूनही मिळाला नसता. त्यानंतर मी ओळी ताडून पाहिल्या. दोनशे चौदापैकी दोनशे नऊ ओळी त्याच आहेत. फक्त आत आकड्यांना दिलेली नावे बदलली आहेत."

"अन् कोणी?" भूमेश्वरीने विचारले.

"जो पायलीला किलोसारखे ठरलेले माप समजतो, त्याने. देवानंदभाऊ किंवा तुम्ही हे केले असते, तर सगळ्यात आधी हाच आकडा पुसला असता. दर घरची पायली वेगळी, म्हणून हा आकडा दुसऱ्याच्या घरचा आहे, हे तुम्हाला दिसले असते. दोघांनीही मला उलट विचारले, कोणाची पायली? एकानेच उत्तर दिले."

टिकेशचे हसू अजून चेहऱ्यावर होते. त्याखालचा चेहरा मात्र निघून गेला होता.

"मैंने कहीं सुना होगा."

"तो आकडा पडद्यावर दिसत नाही, आणि फाइल तुम्ही उघडली नाही. मग रुख्माबाईंच्या घरच्या पायलीचे नेमके माप तुम्ही कुठे ऐकले?"

बाहेर बदकांचा थवा उठला, पाण्यावर एक चक्कर मारून पुन्हा तिथेच बसला.

"मुझे लगा किसी का नुकसान नहीं है," टिकेश शेवटी म्हणाला. "भैया तो रहे नहीं. भाभी सही नहीं देगी. दीदी का नाम डाला, कि दीदी को तो मना लूँगा."

"लिहिणारा गेला तरी हक्क साठ वर्षे राहतो," रामकलीबाई म्हणाल्या, "आणि तो वारसाकडे जातो. दुसरे असे की हक्क त्या ओळीतून जन्मत नाही. तो लिहिण्यातून जन्मतो. ओळ फक्त तसे सांगते. तिथे तुम्ही ब्रह्मदेवाचे नाव घातले असते, तरी सही रुख्माबाईंचीच लागली असती."

देवानंद संगणकाशी बसला. नोव्हेंबरातला बदल त्याने मागे घेतला आणि गोवर्धनचे नाव पडद्यावर आले. रुख्मा जवळ जाऊन उभी राहिली. तिने ते वाचले की नुसते पाहिले, सांगता येणार नाही.

मग देवानंदने दुसरी फाइल उघडली. तिच्या मथळ्यात टिकेशचे नाव होते. त्याने ते निवडले.

"हे काय करून राहिले, भाऊजी?" रुख्माने विचारले.

"याचं नाव काढतो, वहिनी."

"पडद्याचं काम त्यानंच केलं ना?"

"केलं. पण चोर आहे तो."

"असल. ते बटनं त्यानं चोरले नाई. ज्यानं लिहिलं त्याचं नाव राहू द्या. हात काढा तिथून."

देवानंदने हात काढला. टिकेशने पहिल्यांदाच मान वर केली आणि लगेच खाली घातली.

चारला पाच मिनिटे असताना जीप थांबली. कंपनीचा माणूस आत आला, बूट दारात काढावे की नाही याचा विचार करून ते काढले, टेबलावरचे धान पाहून गोंधळला आणि कागद कुठे ठेवावेत ते शोधू लागला.

"तो कितने मालिक हैं?" त्याने विचारले. "तीन ना?"

"चार," देवानंद म्हणाला.

"चौथे कौन?"

"चौथी मी," रुख्मा म्हणाली. "या तिघायचं तिघं जाणोत. माही सही नाई भेटत. बसा, चहा घेऊन जा."