बघणारीचा चेहरा

उषाबाई त्या दिवशी जालन्याहून अंबडला गेल्या, त्या अगदी साध्या कामासाठी. त्यांच्या मैत्रिणीला, साळूबाईंना, जाऊन महिना झाला होता. लाकडी फळीवर चित्र कोरून कागदावर छापणारी बाई तेव्हा निजामाच्या मुलखात शोधूनही मुश्किलीनं सापडली असती. या भागात मात्र दोघी होत्या. एकाच मास्तरांच्या हाताखाली शिकलेल्या. पण हैदराबादच्या प्रदर्शनात पदक मिळालं ते साळूबाईंना. उषाबाईंची चित्रं दोनदा परत आली. खोटं कशाला बोला, मैत्रीण गेल्याचं कळलं तेव्हा उषाबाईंना आधी हायसं वाटलं, रडू मागाहून आलं.

“शेवटची फळी अधुरी राह्यली,” साळूबाईंचे यजमान काकासाहेब म्हणाले. “एका बाईचं तोंड कोरायचं राहून गेल्तं. हाये तसाच एक छापा काढून द्या. आठवण म्हणून. मला दुसरं काई न्हाई पाहिजे.”

ते ओसरीवर जाऊन बसले. उषाबाईंनी खोलीचं दार लोटलं. बाहेर भर दुपार, आत खिडक्या बंद. जवसाच्या तेलाचा आणि शाईचा वास कोंडलेला. फळीवर कासारीण एका बाईला बांगड्या भरत होती. शेजारी दुसरी नुसती बघत बसलेली, आणि तिच्या तोंडाच्या जागी कोरं लाकूड.

काम इतकं देखणं होतं, की उषाबाईंच्या पोटात दुखायला लागलं. कोपऱ्यातलं साळूबाईंचं नाव त्यांनी खरवडून काढलं. चेहरा आपण कोरू, यंदा आपल्या नावानं हैदराबादला धाडू. कोणाला कळणार आहे?

शाई लावली, कागद ठेवला, वरून चमच्याच्या पाठीनं घासला. खस्स… खस्स… पहिल्या छाप्यात तो चेहरा काळाच आला. यायला हवा तसा.

दुसऱ्यात त्या काळ्यात पांढऱ्या रेघा उमटल्या. भुवई. नाक. पांढरी रेघ म्हणजे तिथलं लाकूड कोरलेलं हवं. त्यांनी फळीवर त्या जागी बोट फिरवलं. गुळगुळीत होती.

तिसरा कागद त्यांनी उचलला, पाहिला आणि जमिनीवर टाकला. चेहरा पुरा झाला होता, आणि तो उषाबाईंचाच होता. शेजारच्या बाईच्या भरल्या हातांकडे तिरक्या डोळ्यांनी बघणारा. इतकी वर्षं लपवलेली ती नजर साळूबाईंनी बरोबर पकडली होती. उषाबाईंच्या मनात पहिलं आलं ते हेच, की मेल्यावरही हिचा हात सुधारतोच आहे.

“झालं का, उषाबाई?” बाहेरून काकासाहेबांनी विचारलं. “कधीपासून घासून राह्यल्या तुम्ही…”

उषाबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही रिकामे होते. फळीवर चौथा कागद होता, आणि घासण्याचा आवाज थांबला नव्हता.