चुकीच्या दगडावरची ओळ

ओट्यावरून डब्याचं झाकण निसटलं आणि फरशीवर पडून गोल गोल फिरत राहिलं… दुपारच्या शांततेत केवढा तो आवाज! माझा नवरा शमुवेल गेल्यापासून दोन वर्षं आमच्या घरात सगळं हळूच ठेवायची सवय लागली होती. काही वाजलं की सासूबाई दचकायच्या, आणि त्या दचकल्या की मी.

मी पाय देऊन झाकण थांबवणार, तेवढ्यात दारातून कुणीतरी म्हणालं, "राहू द्या न. थांबते ते आपल्या मनानं."

खरंच थांबलं.

दारात एक उंच, सावळा माणूस उभा होता. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर, आणि बोटाला तांब्याच्या तारेचा एक तुकडा गुंडाळलेला, अंगठी घातल्यासारखा.

"शमुवेल भाऊंचं घर हेच न? वहिनी, मी आल्हाद. चिखलीले मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे माहं. विहिरीवरच्या मोटारी. तुम्ही भाऊंच्या कबरीचा दगड कडूबा मिस्त्रीकडेच टाकला न बनवायले?"

"हो… का?"

"झालं मंग!" त्यानं कपाळाला हात लावला. "तुमची ओळ आमच्याकडे आली अन् आमची तुमच्याकडे गेली. माह्या मायच्या दगडावर त्यानं 'प्रभूमध्ये निद्रिस्त' कोरून ठेवलं. आता तुम्हीच सांगा, माही माय जिंदगीत कधी दुपारची बी झोपली नाही. तिले वाचता आलं असतं त उठून भांडली असती!"

मला हसू आलं. आणि लगेच भीती वाटली, की आतल्या खोलीत सासूबाईंना ते ऐकू गेलं असेल.

गेलंच होतं. त्या बाहेर आल्या. वच्छलाबाई म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीतल्या जुन्या, मानाच्या बाई. आवाज कधी चढत नाही त्यांचा.

"अन् आमच्या शमूच्या दगडावर काय लिवलं त्यानं?"

आल्हादची मस्करी एकदम मावळली. खाली बघत तो म्हणाला, "'ह्या आत्म्यासाठी प्रार्थना करा.'"

आम्ही प्रॉटेस्टंट, तो कॅथलिक. येशू दोघांचा एकच. पण आमच्यात माणूस गेला की तो प्रभूच्या स्वाधीन झाला, त्याच्यासाठी आता काही मागायचं नसतं. ते मात्र गेलेल्यांसाठी मागत राहतात. एवढाच फरक. पण कडूबा मिस्त्रीनं तो नेमका आमच्या दगडावर कोरून ठेवला.

"पुसून घे ते, सुचिता," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

*

चिखली रोडला कडूबा मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन्ही दगड शेजारी शेजारी उभे होते. मी दवाखान्यातली ड्युटी संपवून, माझ्या सहा वर्षांच्या अपेक्षाला घेऊन तिथे गेले, तर आल्हाद आधीच येऊन बसलेला.

"ताई, मले वाटलं दोन्ही देवाच्याच गोष्टी," कडूबा ओशाळून म्हणाला. "तुम्ही हो म्हना, दोन्ही ओळी घासून टाकतो, नव्या कोरतो. पैसे नाही लागत. फक्त मशीन भाड्यानं आणा लागते, म्हून दोन्ही संगंच करीन."

मी शमुवेलच्या नावाखालच्या ओळीवरून बोट फिरवलं. पांढरी भुकटी बोटाला लागली. दोन वर्षं मला कुणी असं सांगितलंच नव्हतं, की ह्याच्यासाठी काही करता येतं. सगळे म्हणाले, तो सुखात आहे, तू रडू नको. माझे हात मात्र रिकामेच राहिले होते. त्याचा डबा भरायचा नाही, शर्टाचं बटण लावायचं नाही, त्याच्यासाठी मागायचंही नाही.

"पुढच्या आठवड्यात सांगते," मी म्हणाले.

आल्हादनं माझ्याकडे पाहिलं.  बाहेर आल्यावर म्हणाला, "काही हरकत नाही. मायले अजून एक आठवडा झोपू द्या."

पुढच्या आठवड्यातही मी तेच सांगितलं. त्याच्या पुढच्याही.

चिखलीच्या स्टँडजवळ त्याचं दुकान. माझा दवाखानाही चिखलीलाच; सुटल्यावर घरी जायला मी बुलढाण्याच्या एसटीची वाट बघत असले की तो बरोबर बाहेर यायचा. रब्बीच्या पेरणीआधी पाणी द्यायचे दिवस, समोर जळालेल्या मोटारींची रांग, शेतकरी डोक्यावर बसलेले, तरी हा बाहेर.

"मंग? आज बी हो नाही?"

"आज बी नाही."

"बरं झालं."

"बरं काय झालं त्यात?"

"कडूबाचं मशीनचं भाडं वाचलं न!" आणि हसायचा. हसताना आधी डोळे हसायचे त्याचे, मग ओठ.

"तुमच्या आई वाट बघत असतील की."

"तिची सवय आहे. माह्या लग्नाची बी वाट पाहून राह्यली होती बिचारी. तिच्या दुखण्यात ते राहूनच गेलं." मग जरा थांबून, "अन् एक सांगू का… ते 'वहिनी' म्हनताना आजकाल जीभ अडकते माही."

 "मग नका म्हणू," एवढंच तोंडातून गेलं… आणि एसटी आली. खिडकीपाशी बसल्यावर कळलं, की आपण काय बोलून बसलो!

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एकाच म्हातारबाबांचं बीपी मी लागोपाठ दोनदा घेतलं. "सिस्टर," ते म्हणाले, "माहं बरं आहे. तुमचंच पाहून घ्या एकदा."

*

नोव्हेंबर लागला. कॅथलिक लोक गेलेल्या माणसांसाठी खास मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, करतात तो दिवस आला. "नुसतं बघायला या," आल्हाद म्हणाला होता. "बसा मागं. कोणी काही विचारत नाही."

मी सासूबाईंपासून लपवलं नाही. "मी मिस्सा बघायला जातेय," म्हणाले. त्या अपेक्षाची वेणी घालत होत्या.  वेणीचा पेड एवढा घट्ट ओढला, की पोरगी "आजी, दुखते न!" म्हणून ओरडली.

मी शेवटच्या बाकावर बसले. उदबत्तीसारखा, पण उदबत्तीपेक्षा दाट असा धुपाचा वास. गुडघ्यांवर कधी बसतात, कधी उठतात, मला काही कळत नव्हतं. सगळे बसले की मी उभी, सगळे उभे राहिले की मी बसलेली. पुढच्या बाकावरचा आल्हाद खांदे हलवत हसू दाबत होता.

मग फादर गेलेल्यांची नावं वाचू लागले. एकेक नाव, आणि त्यामागून सगळ्यांचा आवाज, 'प्रभो, ह्या आत्म्याला शांती दे.' आल्हादच्या आईचं नाव आलं. आणि मग…

"शमुवेल."

मला आधी वाटलं, दुसराच कुणीतरी. पण पुढे आडनावही वाचलं. आमचंच. आणि शंभर अनोळखी माणसं माझ्या नवऱ्यासाठी एका आवाजात काहीतरी मागत होती. मी पदर तोंडात धरला. आल्हादनं मागे वळून पाहिलं नाही. आपणच ते नाव दिलंय, हे त्याला दाखवायचं नव्हतं. पण त्याचे कान लाल झाले होते, ते मागून दिसतच होते.

त्या क्षणी दोन गोष्टी झाल्या. मला वाटलं, मी ह्या चर्चची व्हावं. आणि मला वाटलं, मी ह्या माणसाची व्हावं. आणि तिथूनच माझी झोप उडाली. कारण ह्यातलं आधी काय वाटलं, हे मला सांगता येईना.

फादरांना जाऊन भेटले. त्यांनी शांतपणे विचारलं, "कुणासाठी यायचंय?"

"नवऱ्यासाठी," मी म्हणाले.

"आणखी?"

मी टेबलावरच्या फुलांकडे बघत बसले. फादर हसले. "घाई नाही, बाळ. शिकायलाच वर्षभर लागतं. तोवर स्वतःला विचारत राहा."

विचारत होतेच की! भाकरी थापताना, इंजेक्शन भरताना, अपेक्षाचा अभ्यास घेताना. शमुवेलसाठी जायचं, आणि त्याच्याच नावाखाली दुसऱ्या माणसाच्या शेजारी जाऊन बसायचं… हे कसं? उद्या अपेक्षा मोठी होऊन म्हणाली, आई, तू खरं कुणाकडे गेलीस, तर?

एका रविवारी आमच्या चर्चमधून येताना सासूबाईंनीच विषय काढला.

"तू जाशीन का तिकडे?"

"माहीत नाही, आत्याबाई."

"गेली त माह्या बाजूले बाकावर कोन बसन, एवढंच मले वाटते. बाकी तुह्या मनाले मी काय सांगू." मग त्या पुढे म्हणाल्या, "मी शमूसाठी काही मागत नाही, म्हंजे मले त्याची आठवण येत नाही असं नोको समजू. रोज तोंडाशी येते. मंग मी गप बसते. त्याचं सगळं देवावर सोडलं न मी? मंग परत परत विचारू कशी? मागनं सोपं असन, पोरी. मले ते सोडून देनं लई जड जाते. पन थेच माहं देवाले देनं आहे."

मी त्यांचा हात धरला. रस्ताभर सोडला नाही.

*

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मी अपेक्षाला घेऊन कडूबाच्या शेडवर गेले. आल्हाद होताच.

"मिस्त्री, आणा मशीन," मी म्हणाले. "घासून टाका ती ओळ."

आल्हादचा चेहरा पडला. "काऊन? तुमाले त आवडली होती."

"अजूनही आवडते. पण दगड शमुवेलचा आहे. तो ज्या विश्वासात गेला, तो त्यावर राहू दे. त्याच्या आईचाही तो हक्क आहे. मागायचं ते माझं मी मागेन. त्याला दगड कशाला लागतो?"

कडूबानं मान डोलावली आणि मशीनवाल्याला फोन करायला रस्त्यावर गेला. अपेक्षा बाहेर संगमरवराचे तुकडे वेचत होती. शेडमध्ये आम्ही दोघंच उरलो. कापसानं भरलेला एक ट्रॅक्टर खडखडत गेला.

"म्हंजे आता," आल्हाद खिशातला टेस्टर काढून परत ठेवत म्हणाला, "दोन्ही दगड नीट होतीन. अन् मंग मी कोन्या बहाण्यानं स्टँडवर येऊ?"

"दुकान स्टँडजवळच आहे की तुमचं."

"मस्करी नोका करू. मी लई घाबरून राह्यलो."

मी पहिल्यांदाच त्याला हसण्यावारी न नेता बोलताना पाहत होते.

"फादरनं मले सांगितलं नाही," तो म्हणाला, "पन तुम्ही भेटून आल्या हे मले माईत आहे. शमुवेल भाऊंसाठी येत असान, त मी मागं उभा राहीन. देवासाठी येत असान, त बाजूले बसीन. पन माह्यासाठी नोका येऊ. नाही त दर रविवारी मी विचार करत बसीन, का ही येशूसाठी आली का मोटारवाल्यासाठी…"

"आणि… मोटारवाल्यासाठीच यायचं असेल तर?"

त्याच्या डोळ्यांत आधी हसू आलं. मग ओठांवर.

"मंग चर्चात काऊन? घरी या न."

 इतक्या दिवसांचा माझ्या मनातला गुंता त्यानं मोटारीची जळकी तार ओढून काढावी तसा सरळ ओढून काढला होता. दोन वाटा होत्या त्या, आणि मी त्यांना एकच समजून तिच्यावर धावत होते.

"घरी येईन," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही, म्हणून परत म्हणाले, "येईन, आल्हाद. आत्याबाईंना विचारून, त्यांना सोबत घेऊन, उजळ माथ्यानं. रविवारी मात्र सध्या त्यांच्याच बाकावर बसेन. तुमच्या चर्चमध्ये यायचं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. कळेल तेव्हा एकटी येईन. तुम्ही बोलवायचं नाही."

"नाही बोलावत."

"आणि वाटही बघायची नाही."

"थे जमनार नाही," तो म्हणाला. "घरात वाट पाहाची सवयच आहे आमच्या."

त्यानं हात पुढे केला आणि माझ्या केसांवरची दगडाची भुकटी अलगद झटकली. एवढंच. 

"आई!"

अपेक्षा दोन्ही मुठींत पांढरे तुकडे घेऊन उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. तिनं आल्हादकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कपाळाला आठी घालून ती काहीतरी जुळवत होती. गणित सोडवताना घालते तश्शी आठी.

"आई, तू पप्पासाठी देवाजवळ मागत असते न?"

"हो, बाळा."

"मंग पप्पा बी तिकडून आपल्यासाठी मागत असन न?"

आल्हाद खाली बसला, तिच्या उंचीला. मी काही बोलणार, तेवढ्यात तिनं त्याच्याकडे बोट केलं.

"मंग ह्यायले पप्पानंच मागितलं का?"