वीराचं पाणी

“फडकं ओलं घे, अनसूया. टाकाला कोरडं फडकं लावायचं नाही.”

संग्रह सांभाळणाऱ्या बाळाजीकाकांनी हे सांगितलं तेव्हा अनसूया इतिहास मंडळात नवीनच लागली होती. पुढे काका गेले, संग्रहाची किल्ली तिच्या कमरेला आली, पण तो आवाज कानात राहिला. पहाटे गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जाऊन अर्घ्य द्यायचं, घरी येऊन तुळशीला पाणी घालायचं आणि मंडळात पोचलं की टाकांच्या कपाटावरून ओलं फडकं फिरवायचं, हे तिचे नेम. इतिहासात एम. ए. झालेली बाई नेम कसले पाळते, असं कुणी विचारलं तर ती नुसती हसायची. तिचा आवाज इतका हळू, की उत्तर दिलं असतं तरी समोरच्याने “काय म्हणालात?” असंच विचारलं असतं.

मंडळाची जागा जुन्या नाशकात, तिवंध्याजवळ. खाली भांड्यांची दुकानं, वर जिना चढून गेलं की एक लांबट दालन. नाण्यांच्या पेट्या, बोजड कुलपं, पूर आलेल्या घाटाचे फोटो. आणि शेवटच्या भिंतीला ते कपाट. जिल्ह्यातली घरं विखुरली, म्हातारी माणसं गेली, की कुणीतरी देव्हाऱ्यातले टाक कागदात गुंडाळून मंडळात आणून द्यायचं. दोन बोटांत मावतील असे चांदीचे पत्रे. त्यांवर ठोकून उठवलेलं कुणाचं कुलदैवत, कुणाचा वीर. वीर म्हणजे घराण्यातला अकाली गेलेला पूर्वज. नाशकात धुळवडीला त्याचा टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवतात, लाल फडक्यात धरून वाजतगाजत रामकुंडावर नेतात आणि आंघोळ घालून घरी आणतात.

दिवाळीनंतर कार्यकारिणीने टाकांना पारदर्शक रोगण लावून घेतलं. कल्पना नवा सचिव श्रेयस याची. चांदी काळी पडायला नको, पुसण्याचीही कटकट नको. काम चोख झालं. टाक काचेसारखे चकाकू लागले आणि अनसूयेच्या हातातलं ओलं फडकं खुंटीला गेलं.

त्यानंतर दालनातला माठ गळायला लागला.

निदान तिला तसं वाटलं. सकाळी काठोकाठ भरलेला माठ दुपारी रिकामा. तिने खाली परात ठेवली; परात कोरडी. कुंभारवाड्यातून नवा माठ आणला. तोही तसाच. मग फरशी पुसायला येणारी लताबाई कुरकुरायला लागली. “ताई, बादलीतून फडकं काढते, कपाटापर्यंत जाते, तोवर पापड व्हतंय त्याचं! उन्हाळा लागला का काय थंडीत?” सरस्वतीच्या तसबिरीला घातलेला ताजा हार दुपारी हात लावला की चुरा होऊन खाली पडायचा. काचेखालचे फोटो कडांनी वळायला लागले.

श्रेयसने भिंतीवर हवेतला दमटपणा मोजणारं यंत्र बसवलं. काटा तळाला टेकला तो हललाच नाही.

“बघा ताई, संग्रहासाठी याहून आदर्श हवा नाही,” तो म्हणाला, आणि बाटली तोंडाला लावली. तो अलीकडे सारखा पाणी प्यायचा. ओठ मात्र पांढरे.

होळीच्या आधी एका सकाळी गोजराबाई जिना चढून आली. म्हसरूळकडची, जन्म फुलशेतीत गेलेली. नवरा गेला, मूलबाळ नाही, पुतण्या टाक सोनाराला देऊन मोडायला निघाला, तेव्हा दसऱ्याच्या सुमारास तिने आपला वीर मंडळाला दिला होता. आज ती कठडा धरून किती तरी वेळ दम खात उभी होती.

“बाई, धुळवड आली. आमच्या वीराला गंगेवर न्या.”

“आजी, तुम्ही या ना त्या दिवशी. मी हातात देते टाक.”

“मी न्हेऊन नाय चालत. ज्याच्या घरात तो ऱ्हातो, त्यानंच न्यायचा. तो आता तुमच्या घरात ऱ्हातो.” मग ती कपाटाकडे न बघता म्हणाली, “सासूनं सांगितलं व्हतं, बाकी कायबी चुकू दे, ह्याचं पाणी चुकवू नको. का, ते नाय सांगितलं. मी बी नाय इचारलं. माझ्यात आता जीव ऱ्हायला नाय गं. ह्याचं झालं असं कळलं की मी मोकळी.”

अनसूयेने तिला पेलाभर पाणी दिलं. म्हातारीने तो तोंडाशी नेला, आत बघितलं आणि तसाच खाली ठेवला. पेला कोरडा होता.

“मी नेते त्यांना,” अनसूया म्हणाली. “शब्द देते.”

त्याच संध्याकाळी कार्यकारिणीचा निरोप आला. टाकांचा सगळा संग्रह मुंबईच्या एका मोठ्या संग्रहालयाला कायमचा द्यायचं ठरलं होतं. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी गाडी येणार होती.

धुळवडीला मंडळ बंद असतं. उन्हं कलायला लागली तशी अनसूया खोबऱ्याची वाटी आणि लाल फडकं घेऊन जिना चढली. खाली गल्लीत डफ वाजत होते, लोक आपापले वीर घेऊन निघाले होते. दार उघडंच होतं. आत श्रेयस खोकी बांधत होता. त्याच्या आसपास पाण्याच्या रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या.

“ताई? सुट्टी ना आज?”

“एक टाक घेऊन जायचाय. संध्याकाळी परत आणते.”

“काय म्हणालात?”

तिने पुन्हा सांगितलं. तो हसायला गेला आणि ओठ फाटल्यामुळे कळवळला. “नोंदलेली वस्तू बाहेर जात नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. आणि रोगणावर पाणी? सगळं काम वाया! शिवाय वीर पुरुषमाणसं नेतात ना?”

“मग तू चल.”

त्याने खोक्याची दोरी आवळली.

“मी कार्यकारिणीला कळवीन. चोरी म्हणतात याला.”

“कळव.” तिचा आवाज तेवढाच हळू होता, पण या वेळी त्याने काय म्हणालात असं विचारलं नाही. “माझं पूर्ण नाव लिही. आपण देव घेतले, श्रेयस, आणि त्यांच्या घरच्यांचं काम मात्र घेतलं नाही. ते आज मी घेते. उद्या मला कामावरून काढा.”

“अहो, पत्रा आहे तो!”

“असेल. मी शब्द दिलाय.”

तिने किल्ली काढली. त्याने आडवं यायला पाऊल उचललं, मग थांबला आणि नवी बाटली फोडून घटाघटा प्यायला. पाणी घशाखाली जाताना दिसत होतं. बाटली संपली. त्याने तोंडात बोट घातलं आणि बाहेर काढून बघत राहिला.

बोट कोरडं होतं.

“ताई,” तो म्हणाला. आवाज खरखरत होता. “मला काय होतंय?”

तिने मनातल्या मनात नाम घेतलं आणि कपाट उघडलं.

आतून भट्टीचं तोंड उघडावं तशी धग आली. मखमलीवर टाक ओळीने मांडलेले होते. रोगण सगळीकडे नितळ, अखंड. फक्त प्रत्येक चेहऱ्यावर एकाच जागी ते तडकलं होतं.

तोंडाच्या जागी.

श्रेयसने तिच्या खांद्यावरून पाहिलं. तो मागे सरला, भिंतीला टेकला आणि खाली बसला.

“घेऊन जा,” तो म्हणाला.

गोजराबाईचा वीर अनसूयेने ओळखून उचलला, वाटीत ठेवला, लाल फडकं गुंडाळलं. उरलेल्या टाकांकडे वळून तिने हात जोडले.

“आज याला नेते. गाडी यायच्या आत तुम्हालाही नेईन, एकालाही सोडणार नाही. मग कुणी काहीही म्हणो.”

तिने कपाट उघडंच ठेवलं.

जिन्यात अंधार होता. खालून डफांचा आवाज आणि गुलालाचा वास येत होता. धक्का लागून टाक पडायला नको म्हणून तिने फडक्याच्या आत हात घालून वाटीवर तळहात झाकला होता.

खाली गल्लीतल्या चौथऱ्यावर बसलेल्या कलाबाई फुलवालीने विचारलं, “ताई, तुमच्याकडं कधीपासून वीर?”

“आजपासून,” अनसूया म्हणाली.

गर्दी तिला रामकुंडाच्या बाजूला रेटू लागली. दोन पावलं टाकून ती क्षणभर थबकली. वाटीच्या आतून तिच्या तळहाताला काहीतरी लागत होतं. गरम, कोरडं, थांबून थांबून येणारं. श्वासासारखं.

तिने हात काढला नाही.

“चला,” ती हळूच म्हणाली, आणि उतारावरून गंगेकडे चालू लागली.