म्हशींचा डॉक्टर

राजनंदिनीची आणि त्याची पहिली नजरानजर झाली ती भांडणातच.

बीडच्या एका दवाखान्यात, तातडीच्या विभागात ती डॉक्टर होती. जुलाबांनी गळून गेलेल्या चतुराबाईंना सलाईन लावून ती शेजारच्या खाटेकडे वळली, तोच मागून घरघर ऐकू आली. पाहते तो काय... बाईंचा लेक सोमनाथ बाटलीला वरून सुई टोचून बाटलीच दोन्ही हातांनी दाबतोय! नळीतून बुडबुडे सरसर खाली चाललेले, आणि बाई छाती धरून तडफडताहेत.

"सोडा ती बाटली!"

तिने नळी बंद केली, बाईंना डाव्या कुशीवर वळवलं, खाटेची डोक्याकडची बाजू खाली केली, ऑक्सिजन लावला.

"रक्तात हवा गेलीय. अशा निजल्या की ती हृदयातच अडून राहते, फुप्फुसाकडे जात नाही. धरा त्यांना, हलू देऊ नका! कुणी शिकवलं हो तुम्हाला हे?"

"मी... कडा गावाला जनावरांचा डॉक्टर आहे. अडलेल्या म्हशीला औषध चढवताना असंच घाईनं..."

"या म्हैस आहेत?"

त्याने आईला दोन्ही हातांनी अलगद सावरून धरलं. ते दिसलं, आणि तिला आणखीच राग आला.

संध्याकाळी बाईंचा श्वास जागेवर आला. त्यांना वॉर्डात हलवलं; तिथे राजनंदिनीचं काही काम नव्हतं, तरी ती रोज जायची आणि त्याच्यावर कडाडायची.

"पोरी, लई नको रागवू," चतुराबाई म्हणाल्या. "त्यानं कालपासून घास खाल्ला न्हाई."

तिने आपला डबा त्याच्यापुढे आदळला. "खा! उपाशी माणसावर ओरडायला मजा येत नाही."

घरी निघायच्या दिवशी तो फाटकाशी थांबला.

"डॉक्टर, मी सुई सोडली. हात लावायची भीती वाटते."

"वा! आणि कड्याच्या म्हशींनी काय करायचं? घाई सोडा, सुई कशाला? इतके चांगले हात आहेत तुमचे..." तिने जीभ चावली.

तो पहिल्यांदाच हसला. "पाहिलेत वाटतं?"

"पाहावेच लागले. बाटलीवर होते!"

"मग... जन्मभर रागवाल का माझ्यावर?"

ती लाल झाली. "असं उभ्या उभ्या विचारतात? आईंना बरं वाटलं की पाठवा आमच्या घरी, पालीला. रीतीनं."

तरातरा चार पावलं गेली... आणि वळून, तितक्याच रागाने म्हणाली,

"या रविवारी! उगीच महिना लावू नका."