अर्ध्या गाडीचा आरसा

दिवा जरा तुमच्याकडे सरकवा. मला उजेड नको, तुमचे चेहरे दिसू देत. ही गोष्ट ऐकताना कोण हसतं ते मला कळायला हवं.

सहासष्ट सालचा ऑगस्ट. सणाच्या पंधरवड्यात अख्खं तुरीन समुद्रावर पळतं आणि शहरात उरतात ती मांजरं. आमचा कारखानाही बंद होता. मी त्या दुपारी तिथे गेलो ते एवढ्याचसाठी, की उन्हाने प्लास्टरला तडे गेलेत का ते बघावं.

मी गौदेन्झियो, प्लास्टरचा कारागीर. नोव्हेंबरच्या मोटार प्रदर्शनासाठी आमचे मालक ओबेर्तो दरवर्षी एक अशी गाडी मांडत, जी बाजारात कधी विकली जाणार नव्हती. लोकांनी नुसती तोंडात बोट घालून बघायची. कागदावरची ती गाडी मी खऱ्या आकारात प्लास्टरमध्ये घडवायचो. माझ्या मॉडेलवरून माप घेऊन एर्मेते ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकायचा.

एर्मेते माझा मेहुणा. सासू गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. माझ्या बायकोने, देल्फिनाने, त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला. आम्हाला मूल नाही. आमच्या घरात काय होतं ते एवढंच होतं.

आता एक गोष्ट नीट ऐका. आम्ही मॉडेल अख्खं बनवत नाही, अर्धंच बनवतो. गाडीच्या बरोबर मधोमध जमिनीपासून वरपर्यंत मोठा आरसा उभा करायचा, त्याला अर्धी गाडी चिकटवायची. आरशात उरलेली अर्धी दिसते आणि गाडी पुरी होते. त्या वर्षी मी उजवी बाजू केली होती. म्हणजे डावी बाजू, आमच्याकडे चालवणारा बसतो ती, होती फक्त आरशात.

दुपारी एक वाजला असेल. छताच्या काचांतून ऊन सरळ खाली पडत होतं. ओल्या प्लास्टरचा आणि सरसाचा वास कोंडून राहिला होता. दाराजवळ एक बारीक तडा दिसला. मी थोडं प्लास्टर कालवलं, उजव्या तळहाताने तडा भरला, पुसून सारखा केला आणि नेहमीच्या सवयीने आरशात पाहिलं.

आरशातलं दार आत चेपलेलं होतं.

मी खरं दार चाचपलं. गुळगुळीत, लोण्यासारखं. पुन्हा आरशात पाहिलं. तिथे माझा हात मनगटापर्यंत खळग्यात बुडाला होता. काच खराब असेल, असं मी स्वतःला सांगितलं. तीस वर्षं फूटपट्टीवर पोट भरणारा माणूस मी, भुताखेतांची मला कायम चीड. वाकून खिडकीतून आत पाहिलं. आत लाकडाची एकच जागा केली होती, उजवीकडची. ती रिकामी होती.

आरशातल्या जागेवर माणूस बसला होता...

काळा लोकरी कोट. मान एका बाजूला कलंडलेली, डोळे उघडे. डोक्यावर वर्तमानपत्राची टोपी. आमचे कारागीर केसांत धूळ जाऊ नये म्हणून रोज घडी घालून करतात तशी. तो एर्मेते होता. टोपीवरची अक्षरं आरशात उलटी दिसायला हवीत, ती सुलटी होती. त्यांच्याखाली एक फोटो होता. फ्लोरेन्सचा तो घरं असलेला पूल, आणि पाणी थेट घरांना लागलेलं.

मी त्याला हाक मारली की नाही, आठवत नाही. हात मात्र खिडकीतून आत घातला. माझ्या बाजूला नुसती हवा होती. आरशातला माझा हात मात्र त्याच्या छातीवर टेकला, आणि... माझ्या तळव्याला लोकर लागली. खरखरीत, उबदार. खाली काळीज धडधडत होतं. एकदा, दोनदा. मग थांबलं.

"भावोजी! ओ भावोजी, जिवंत आहात की प्लास्टर झालात?"

एर्मेते दारात उभा होता. बनियनवर, बगलेत कलिंगड. मी मागे सरकताना बादली लाथाडली. पुन्हा पाहिलं तर आरशात अर्धी गाडी तेवढी, रिकामी.

मी त्याला सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला.

"उपाशीपोटी लाल वाइन प्यायल्यावर मलाही देवदूत दिसतात. आणि पूर? फ्लोरेन्सला? आत्ता त्या नदीतून कोंबडीसुद्धा पाय न भिजवता जाईल!"

"एर्मेते, ही गाडी तू चालवायची नाहीस."

त्याचं हसू थांबलं. आमच्याकडे रीत होती. ज्याच्या हातोडीने पत्रा ठोकला, त्यानेच गाडी पहिल्यांदा फाटकाबाहेर काढून प्रदर्शनापर्यंत न्यायची. तिथे पोचल्यावर लोक नाव घेतात ते मालकाचं. कारागिराला मिळतात ती रस्त्यावरची वीस मिनिटं.

"बारा वर्षं इतरांच्या हाताखाली ठोकाठोक केली, भावोजी," तो हळूच म्हणाला. "ही माझी पहिली. मागायचं तर दुसरं काहीही मागा."

मग मी माझ्या अकलेने वाट काढली. देवाने मला त्या दिवशी मुका केला असता तर उपकार झाले असते.

सप्टेंबरात मालकांपुढे उभा राहिलो. "मालक, स्टीअरिंग उजवीकडे घेऊ या. जुन्या खानदानी गाड्यांचं असायचं तसं. लोक बघत राहतील."

मालकांनी चष्मा काढला. "गौदेन्झियो, तीस वर्षांत तू एक कल्पना मांडली नाहीस. म्हटलं, मेल्यावर तरी काही सुचेल की नाही. अरे, फक्कड आहे ही!"

माझा हिशेब साधा होता. आरशात मोडली होती ती डावी बाजू. आमच्या धंद्यात डावी जागा म्हणजे चालवणाऱ्याची, दुसरा विचार डोक्यात येतच नाही. चालवणाऱ्याला उजवीकडे आणला की तो वाचला. सगळी यंत्रणा फिरवताना काम लांबलं. प्रदर्शन सुरू झालं तरी आमची जागा रिकामीच. शेवटी तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी न्यायची ठरली.

आदल्या संध्याकाळी एर्मेते आमच्याकडे जेवायला आला. देल्फिनाने त्याच्या आवडीचं मांस शिजवलं होतं. पावाने ताट पुसता पुसता तो म्हणाला, "जिंकलात, भावोजी. गाडी मी चालवत नाही. उजव्या बाजूने मला जमेचना, काल फाटकाचा खांब थोडक्यात वाचला. मालकांचा ड्रायव्हर रोमोलो चालवेल, त्याला जुन्या गाड्यांची सवय आहे. झालं समाधान?"

माझा जीव भांड्यात पडला. मी त्याचं कपाळ चुंबलं. देल्फिना म्हणाली, "आज याला काय झालंय?" त्या रात्री मी बाळासारखा झोपलो.

सकाळी लवकर मी पुढे जाऊन प्रदर्शनाच्या हॉलमध्ये आमच्या चौथऱ्यावर गालिचा नीट करत बसलो. बाहेर दाट धुकं होतं. लोक येऊ लागले, प्रत्येकाच्या हातात वर्तमानपत्र. शेजारच्या चौथऱ्यावरच्या माणसाने ते माझ्यापुढे धरलं.

"पाहिलंस? फ्लोरेन्स गेलं. काल नदी शहरात घुसली."

तो पूल होता... पाणी घरांना लागलेलं. तीच अक्षरं, तोच फोटो.

"चालवत तर नाही तो," मी मोठ्याने म्हणालो. "तो चालवत नाही!" तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. आणि तेवढ्यात मला कळलं. स्टीअरिंग उजवीकडे आलं, म्हणजे डावीकडे कोण बसणार? मी हॉलमधून पळत सुटलो.

नदीकाठच्या चौकात गर्दी होती. ट्रक धुक्यातून डावीकडून आला होता. आमचं डावं दार आत चेपलं होतं, हातभर लांब खळगा. उजवी बाजू गुळगुळीत, लोण्यासारखी. रोमोलोला ओरखडाही नव्हता. तो फुटपाथवर बसून तेच तेच सांगत होता.

"म्हणाला, चालवत नसलो तरी माझं पोर एकटं कसं पाठवू? नवा कोट, नवी हॅट घालून आला... गाडी ही एवढी बुटकी, हॅट मावेना. केसांना तेल लावलेलं, छताचं पांढरं अस्तर खराब होईल म्हणून... माझंच वर्तमानपत्र घेतलं आणि टोपी केली..."

मी पुढे झालो नाही. मला बघायची गरज नव्हती.

स्टीअरिंग डावीकडेच राहिलं असतं, तर तिसऱ्या दिवसापर्यंत काम लांबलंच नसतं. धुक्याआधी, पुराआधी, तो दिमाखात हॉलमध्ये शिरला असता. मी त्याला हाताला धरून त्या जागेवर बसवला. हे देल्फिनाला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण ती आता नाही.

आठवड्याने दवाखान्यातून कपडे आले. तिने काळा कोट मांडीवर घेतला, आणि तिचा हात थबकला. छातीवर पांढरा ठसा होता. पाच बोटांचा, प्लास्टरचा. तिने ब्रशने घासलं, ओल्या फडक्याने पुसलं. ठसा जाईना.

"करंगळी अर्धीच आहे," ती हळूच म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या उजव्या हाताची करंगळी करवतीने अर्धी नेली आहे, हे तिला माहीत नसणार तर कुणाला? "तू तर म्हणालास, तू हॉलमध्ये होतास..."

तिने माझा उजवा हात ओढून त्या ठशावर ठेवला. जमेना. अंगठ्याच्या जागी करंगळी येत होती. ठसा डाव्या हाताचा होता. तिने माझा डावा हात ठेवून पाहिला. त्याची बोटं सगळी धड.

"तुझा नाही," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. समोर भिंतीवर माझा दाढीचा आरसा टांगला होता. त्यातला मीही तिची पाठ थोपटत होतो, डाव्या हाताने, अर्ध्या करंगळीच्या.

त्याचा तळवा पांढरा होता. त्या दुपारनंतर तीन महिन्यांत मी प्लास्टरला शिवलो नव्हतो.