लाल धाग्याची गाठ

"काका, वळवा! वळवा ना!"

"अगं, वळवतोय! पण हे वळेल तर ना!"

शरदकाका दोन्ही हातांनी स्टेअरिंगला अक्षरशः लोंबकळले. पण अन्नपूर्णेच्या देवळाजवळच्या वळणावर अप्पासाहेबांची जुनी अमेरिकन गाडी म्हशीसारखी हंबरली, सरळच गेली आणि एका कडुनिंबाला टेकून थांबली.

मागच्या सीटवर काकांची पुतणी श्रिया, तिच्या वर्गातला प्रशिक आणि त्याची धाकटी बहीण संबोधी एकमेकांवर आदळली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. संबोधीची कुल्फी मात्र काकांच्या नव्या शर्टात गेली.

"मजा आली! काका, वापस एकदा?"

काकांनी असे डोळे वटारले, की ती उरलेली काडी मुकाट्याने चोखू लागली.

गाडी दोरानं ओढत स्नेहलतागंजात घरी आणली. धोंडिबांनी बॉनेट उघडलं. धोंडिबा म्हणजे प्रशिक-संबोधीचे आजोबा; सगळी मुलं त्यांना आबा म्हणत. तीस वर्षं त्यांनी मिलमध्ये यंत्रांना तेल दिलं. दोन वर्षांपूर्वी मिलला कुलूप लागलं, भोंगा मुका झाला, आणि तेव्हापासून ते श्रियाच्या आजोबांची, म्हणजे अप्पासाहेबांची, ही गाडी सांभाळत होते. या वयात दुसरं काम कुठे मिळणार?

त्यांनी स्टेअरिंगच्या टाकीत बोट बुडवून वास घेतला.

"साहब, यात ब्रेक ऑइल पडलंय. आतली रबरं फुगून गेली सगळी. कोणी टाकलं?"

"मी!" काका उसळले. "सोमवारी तुम्ही सुट्टीवर होता आणि स्टेअरिंग कुरकुरत होतं. पण तुमच्याच खुणेनं ओतलं हां! टोपणाला लाल धागा, डब्याला लाल धागा. मग चूक कुणाची?"

ही खूण मिलमधली. तिथे तेलं अनेक, डबे सारखे आणि वाचता येणारे थोडे. म्हणून यंत्राच्या टोपणाला ज्या रंगाचं सूत, त्याच रंगाचं त्याच्या डब्याला. धोंडिबांनी तीच रीत इथे आणली होती. लाल सूत स्टेअरिंगचं, हिरवं ब्रेकचं.

"पण शरदजी, स्टेअरिंगचं तेल लालभडक असतं. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, या गाडीला ऑटोमॅटिक गिअरचंच तेल लागतं. ओतताना रंग नाही पाहिला?"

"तेल ते तेल! जुन्या गाडीला काय, सगळं चालतं. अप्पा, यांचे डोळे गेलेत. उद्यापासून दुसरा माणूस बघू या."

अप्पासाहेब आरामखुर्चीत बसून ऐकत होते. बोलले काहीच नाहीत.

"असेल साहब," धोंडिबा हळूच म्हणाले. "माझीच नजर चुकली असेल."

प्रशिकचे कान लाल झाले. तो जमिनीकडे पाहत राहिला.

पाचच मिनिटांत जामाच्या, म्हणजे पेरूच्या, झाडाखाली गुप्त पथकाची बैठक भरली. प्रमुख अर्थातच श्रिया! तिघांच्याही मनगटावर लाल-हिरव्या सुताचा पट्टा होता. तोही तिनंच केलेला.

"चौकशी करायची!" श्रियानं फर्मान काढलं. "आबांचं काम जाऊ द्यायचं नाही! आधी डोळे तपासू."

संबोधी सुई-दोरा घेऊन पळाली आणि नाचतच परत आली. "आबांनी एका झटक्यात दोरा ओवला! चष्म्याशिवाय!"

"म्हणजे धागे कुणीतरी बदलले!" श्रियाला भलताच चेव आला. "मला तर काकांचाच शक आहे. त्यांना नवी गाडी हवीय. बाजारात रोज नवं मॉडेल येऊन राहिलंय!"

"भिया, पुरावा तर पाहिजे ना," प्रशिक म्हणाला. तो मुलींनाही भिया, म्हणजे भाऊच, म्हणायचा.

तिघं गॅरेजमध्ये शिरली. प्रशिकनं हिरव्या धाग्याचा डबा कलता केला. आतून लालभडक तेल आलं!

"बघा! अदलाबदल!" श्रिया ओरडली.

प्रशिक मात्र धाग्याकडे निरखून पाहत होता. "ही आबांची गाठ नाही. आबा विणकरांची गाठ मारतात, मोहरीएवढी. ओढली तरी सरकत नाही. ही तर बुटाच्या नाडीसारखी आहे. खाली दोन वेढे आणि वर फुलपाखरू…"

तो बोलता बोलता थांबला. त्याची नजर स्वतःच्या मनगटावर गेली. तिथे दोन वेढे होते आणि वर फुलपाखरू.

श्रियानं आपलं मनगट पाठीमागे लपवलं.

मागच्या शनिवारी पट्ट्यांसाठी सूत हवं होतं. डब्यांना चांगलं लांबलचक बांधलेलं दिसलं. तिनं ते सोडलं, हवं तेवढं कापलं आणि उरलेले तुकडे परत बांधून टाकले. आई आमरस खायला हाका मारत होती. कुठला तुकडा कुठल्या डब्याचा, हे तिनं पाहिलंही नव्हतं. आणि आता तीच गुन्हेगार शोधत फिरत होती! काकांवर शक घेत होती! तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मिळाला का दुश्मन?" संबोधीनं विचारलं.

"नाही," प्रशिक म्हणाला. त्यानं मनगटावरचा पट्टा सोडला, त्या डब्याशेजारी ठेवला आणि बहिणीचा हात धरून तो निघून गेला. श्रियाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. तो ओरडला असता, भांडला असता, तरी बरं वाटलं असतं.

तो कुणाला सांगणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती गप्प राहिली, तर कुणालाच कधी कळणार नव्हतं. पण ओसरीवर धोंडिबा गाडीची चावी अप्पांच्या हातात देत होते.

"थांबा!" श्रिया धावत गेली. "धागे मी बदलले! पट्ट्यांसाठी कापले आणि उलटे बांधले. आबांची काहीच चूक नाही!"

धोंडिबा एवढंच म्हणाले, "बेटा, बरं झालं ब्रेकमध्ये काही टाकलं नाही. देवळाजवळ किती पोरं खेळतात."

ते रागावले नाहीत, म्हणून तिला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"शाब्बास!" अप्पासाहेब म्हणाले. "खरं बोलायला हिंमत लागते."

"मला नका देऊ शाब्बासकी, अप्पा!" श्रियाला रडू फुटलं. "आबांना अजून कुणी सॉरीसुद्धा म्हटलं नाही. मीसुद्धा नाही!"

ती धोंडिबांच्या पाया पडली. अप्पासाहेब खुर्चीतून उठले, चावी धोंडिबांच्या हातात परत ठेवली आणि हात जोडले. "धोंडिबाजी, मी इथे बसून सगळं ऐकलं आणि तोंडातून शब्द काढला नाही. माझं चुकलं."

काकांची मान खाली गेली होती. "रंग बघायला पाहिजे होता मी. माफ करा."

"केलं माफ! पण रबरं आणायला तुम्हीच जायचं," धोंडिबा हसले. "आणि टाकीतला पुराना माल सगळा धुऊन काढायचा. चला, बाह्या वर करा!"

संध्याकाळपर्यंत काका कोपरापर्यंत काळे झाले होते. श्रिया पायरीवर बसून विणकरांची गाठ शिकत होती. पंधरा वेळा सुटली. सोळाव्यांदा बसली, तेव्हा धोंडिबांनी तिच्याकडूनच दोन्ही डब्यांना धागे बांधून घेतले, आतलं तेल पाहून.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशिक आला. त्यानं डब्यांवरच्या गाठी ओढून पाहिल्या. एकही सरकली नाही. मग त्यानं शेजारी पडलेला आपला कालचा पट्टा उचलला आणि श्रियापुढे हात केला.

"बांध. पण फुलपाखरू नको."